रांगेतला सातवा माणूस

तहसीलदार म्हटलं की लोकांना जमीन आठवते. निवृत्तीनंतर यशवंतपूरला राहायला आल्यापासून शेजारीपाजारी मला अजूनही पहाणीपत्रिकेत नावं कशी चढवायची ते विचारतात. पहाणी म्हणजे महाराष्ट्रातला सातबारा. माझ्या नोकरीतली बहुतेक वर्षं त्यातच गेली, हे खरं. पण तहसीलदाराकडे दंडाधिकाऱ्याचेही थोडे अधिकार असतात, आणि त्यातलं एक काम मी बंगळूरमध्ये नव्वदच्या दशकात बऱ्याचदा केलं. ते काम म्हणजे ओळखपरेड.

काम दिसायला सोपं आहे. पोलिसांनी एखाद्याला पकडलेलं असतं. ज्याच्यावर गुन्हा घडला त्याने गुन्हेगाराला पाहिलेलं असतं, पण ओळख नसते. अशा वेळी जेलच्या अंगणात त्या संशयिताला त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या आठ-नऊ निरपराध माणसांत उभं करायचं. साक्षीदाराने यायचं, रांगेवरून चालायचं आणि ज्याला ओळखलं त्याला हात लावायचा. पोलिसांनी तिथे थांबायचं नाही. मी आणि दोन पंच, बस. जे घडेल ते जसंच्या तसं लिहायचं. बरोबर की चूक, हे साक्षीदाराला सांगायचं नाही, चेहऱ्यावरही दाखवायचं नाही.

हे सगळे नियम मला तोंडपाठ होते. त्यांचा अर्थ मात्र मला कळला तो एकाच प्रकरणात.

ती मुलगी पुण्याहून कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला आली होती. वय तेवीस. तिचं नाव कायद्याने छापता येत नाही आणि छापता आलं असतं तरी मी दिलं नसतं. तिला इथे अनघा म्हणते. मारतहळ्ळीकडे तेव्हा आजच्यासारख्या इमारती नव्हत्या. बस थांब्यापासून तिच्या खोलीपर्यंतच्या रस्त्याला निलगिरीची लागवड होती. एका गुरुवारी संध्याकाळी पांढरी व्हॅन थांबली, चालकाने पत्ता विचारला आणि पुढे जे झालं त्याबद्दल मी लिहिणार नाही.

गाव पेटल्यासारखं झालं. मोर्चे निघाले, विधानसभेत प्रश्न विचारले गेले. नवव्या दिवशी पोलिसांनी मंजुनाथ नावाच्या व्हॅनचालकाला पकडलं. व्हॅन पांढरी, रस्ता तोच, शिवाय मारामारीची एक जुनी केस. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत त्याचा फोटो. उंच, सडपातळ, जाड मिशा, डाव्या भुवईवर आडवा व्रण. माझ्या ऑफिसातल्या बायकांनी तो फोटो पाहून कडाकडा बोटं मोडली. मीही मोडली. हे आज कबूल केलंच पाहिजे: परेड घ्यायचा हुकूम माझ्या हातात आला तेव्हा मंजुनाथ गुन्हेगार आहे याबद्दल माझ्या मनात तसूभर शंका नव्हती. मला निवडलं ते मी बाई म्हणून, आणि निपाणीकडची, मुलीशी मराठीत बोलू शकणारी म्हणून.

जेलरने रांगेसाठी माणसं काढून ठेवली होती. पाहते तर दोन बुटके, एक टकला, एक साठीचा. एका उंच माणसाला असल्या माणसांत उभं केलं तर ती ओळखपरेड कसली, ते बोट दाखवणंच झालं. मी त्यांना परत पाठवलं. कच्च्या कैद्यांतून हुडकून हुडकून सहा जण मिळाले. तिघे कमी पडत होते. दोघे मी ऑफिसातले आणले. तिसरा कोण, हा प्रश्न होता. बाहेर जीपला टेकून माझा ड्रायव्हर बसवराज उभा होता. उंच, सडपातळ, मिशा.

“बेडा मॅडम,” तो म्हणाला. नको. “असल्या रांगेत कशाला मला?”

“दहा मिनिटांचं काम आहे रे. तुला काय होणार?”

हे वाक्य माझ्या तोंडचं आहे. नऊ वर्षं माझी जीप चालवलेल्या माणसाला मी हे म्हटलं आणि तो आला.

भुवईवरच्या व्रणाचा प्रश्न राहिला. दहाही जणांच्या डाव्या भुवईवर मी औषधाची चिकटपट्टी लावायला लावली. जेलर हसायला लागला, म्हणाला, “मॅडम, काय शाळेतल्या नाटकाची तयारी आहे का?” मी मंजुनाथला विचारलं, कुठे उभा राहतोस? तो तिसऱ्या जागी गेला. काही हरकत आहे का? त्याने मान खाली घालून कन्नडमध्ये सांगितलं, “माझा फोटो सगळ्या गावाने पाहिलाय. आता हे कशाला?” मी ते लिहून घेतलं. मनात म्हटलं, फार हुशार दिसतोस. बसवराज सातव्या जागी उभा राहिला.

अनघाला वेगळ्या खोलीत बसवलं होतं. सोबत वडील होते, पुण्याच्या एका शाळेतले गणिताचे शिक्षक. मी वडिलांना बाहेर पाठवलं आणि तिला विचारलं, “पकडलेल्या माणसाचा फोटो पाहिलास का पेपरात?”

“नाही. बाबांनी घरात पेपर येऊच दिला नाही. टीव्हीसुद्धा काढून ठेवलाय.”

“कुणी काही सांगितलं त्याच्याबद्दल? कसा दिसतो वगैरे?”

“आत येताना त्या पोलिसकाकांनी सांगितलं, भुवईकडे बघ. पण मला भुवईचं काही आठवत नाही, मॅडम. सांगायचं नव्हतं का त्यांनी?”

चिकटपट्टीची कल्पना सुचली नसती तर? मी तिचा शब्द न् शब्द लिहून घेतला आणि तिला अंगणात नेलं.

ती एकदा सावकाश चालत गेली. परत आली. दुसऱ्यांदा निघाली. मंजुनाथसमोर ती जेमतेम थांबली असेल. पुढे गेली. सातव्या माणसासमोर तिचे पाय थांबले. तिच्या हाताची बोटं आधी थरथरायला लागली, मग खांदे, मग सगळं अंग. तिने हात पुढे केला आणि बसवराजच्या छातीवर ठेवला.

“हा. हाच. शंभर टक्के हाच.”

मी बसवराजकडे पाहू शकले नाही. पाहिलं तेव्हा तो माझ्याकडे बघत होता. तिकडे मंजुनाथने डोळे मिटले होते. “आयता, मॅडम?” त्याने विचारलं. झालं का?

बसवराज त्या गुरुवारी कुठे होता हे मला माहीत होतं. तो माझ्याबरोबर होता. सर्जापूर रोडच्या पलीकडे एका जमिनीच्या मोजणीत दोन भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते, त्यांना शांत करून परतायला आम्हाला अंधार झाला होता. त्या मुलीवर प्रसंग ओढवला तेव्हा बसवराज माझ्यापासून दहा पावलांवर जीपमध्ये बसलेला होता. मी एवढंच स्वतःला सांगत होते आणि त्याच वेळी दुसरं काहीतरी मनात येत होतं. मी बरोबर नसते तर? तो त्या दिवशी रजेवर असता तर? तिचा तो थरथरता हात पाहून जगातल्या कुणीही शपथेवर सांगितलं असतं की हाच तो माणूस. मीसुद्धा.

बाहेर तिच्या वडिलांनी माझ्यासमोर हात जोडले. “मॅडम, पोरीने ओळखलं त्याला. आता त्या नराधमाला सोडू नका.” मला एक अक्षर बोलायची परवानगी नव्हती. मी नुसती उभी राहिले. त्यांना वाटलं, मी गहिवरले आहे.

दुसऱ्या दिवशी तपास करणारे इन्स्पेक्टर माझ्या ऑफिसात आले. पन्नाशीचे, बोलायला गोड. त्यांनी आधी माझी कॉफी घेतली, मग म्हणाले, “मुलगी घाबरलेली होती. असं होतं. तुम्ही एवढंच लिहा की साक्षीदार भेदरल्याने परेड पूर्ण झाली नाही. परवा पुन्हा घेऊ. आणि ते भुवईचं वाक्य काढा.”

“तो माणूस तिने ओळखला नाही, साहेब.”

“मॅडम, त्यानेच केलंय. सगळ्यांना माहीत आहे.”

“कुणाला माहीत आहे? जिला माहीत आहे ती तर दुसरंच सांगतेय.”

त्यांचा आवाज बदलला. “तुम्ही बाई आहात. एका बाईवर अत्याचार करणाऱ्याला वाचवताय, कळतंय का तुम्हाला?”

ते मला लागलं. अजूनही लागतं. कारण मंजुनाथला वाचवायची माझी अजिबात इच्छा नव्हती. आदल्या दिवशीपर्यंत मी त्याला मनातल्या मनात जन्मठेप देऊन मोकळी झाले होते. पण शाई वाळली होती, पंचांच्या सह्या झाल्या होत्या, आणि मी डोळ्यांनी जे पाहिलं ते पाहिलं नाही असं कसं लिहायचं? मी अहवाल जसा होता तसा कोर्टात पाठवला. वरून फोन आले. पंधरा दिवसांत माझी बदली अभिलेख विभागात झाली, तिथे मी वर्षभर जुन्या नकाशांची धूळ खाल्ली. एका पेपरने लिहिलं, ‘महिला अधिकाऱ्याचा भोंगळपणा, आरोपीला फायदा’. दुसऱ्याने त्याहून वाईट केलं. ‘तरुणीने ओळखला तालुका ऑफिसचा ड्रायव्हर’ असा मथळा दिला.

एका सकाळी बसवराज माझ्या घरी आला. नऊ वर्षांत तो कधी उंबरठ्याच्या आत बसला नव्हता, त्या दिवशीही बसला नाही.

“मॅडम, एकदा माझ्या घरी याल का? बायकोला सांगायला.”

“काय सांगायला?”

“काल जेवायला वाढताना तिने विचारलं. त्या दिवशी तुम्ही खरंच मॅडमबरोबर होता ना, म्हणून.”

मी गेले. त्याच्या बायकोला मोजणीचं गाव सांगितलं, वेळ सांगितली, भांडलेल्या भावांची नावं सांगितली. ती ऐकत राहिली. “सरी, अक्का,” ती म्हणाली. बरं, ताई. आणि मला कॉफी दिली. तिला पटलं असावं. पण तिने विचारलं होतं. बसवराजच्या तोंडावरून मला दिसत होतं की माझ्या सांगण्याने ते पुसलं गेलं नाही. नंतर त्याने अर्ज करून जीप सोडली आणि शिपायाच्या जागेवर गेला.

खटला बंद दाराआड चालला. माझी साक्ष झाली. सरकारी वकिलांनी मला शत्रूसारखं उलटसुलट विचारलं, मी तेच सांगितलं जे लिहिलं होतं. त्यांच्याकडे परेडीशिवाय होतं काय? पांढरी व्हॅन आणि एक कबुलीजबाब, तोही पोलिसांपुढे दिलेला, जो कोर्टात चालत नाही. मंजुनाथ संशयाचा फायदा मिळून सुटला. जेलमध्ये त्याचं दीड वर्ष गेलं होतं. त्याच्या आईच्या घरावर लोकांनी दगड मारले होते, ती गाव सोडून गेली होती. पेपरात ‘सुटला’ असंच छापून आलं, जणू तो पळून गेला होता.

निकालानंतर अनघा वडिलांना घेऊन मला भेटायला आली. मी तोवर पुन्हा तालुका ऑफिसात आले होते. तिच्या घरात अजूनही पेपर येत नव्हता; तिला कोर्टात कळलं होतं की तिने हात लावला तो माणूस आरोपी नव्हता. तिला जाणून घ्यायचं होतं, मग तो होता तरी कोण?

दुर्दैवाने तिला ते मी सांगण्याआधीच कळलं. अंगणातून येताना तिने बसवराजला फायली घेऊन जाताना पाहिलं. ती माझ्या खोलीत आली तेव्हा पांढरीफटक होती, वडिलांनी धरून आणलेली. बसवराजनेही तिला पाहिलं होतं. तो फायली घेऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला होता, तिला आपला चेहरा दिसू नये म्हणून.

मी तिला सगळं सांगितलं. मोजणी, दहा पावलं, सगळं.

“म्हणजे मी खोटं बोलले?” तिने विचारलं.

“नाही. तू चुकलीस. खोटं बोलणं वेगळं.”

“पण मला आत्तासुद्धा तोच दिसतोय, मॅडम. आत्तासुद्धा.”

मग ती उठली, बाहेर गेली आणि त्याच्यापासून चांगलं लांब उभं राहून, त्या दोन वर्षांत शिकलेल्या मोडक्या कन्नडमध्ये म्हणाली, “तप्पायतु, अण्णा.” चुकलं माझं, दादा. बसवराजने भिंतीकडेच तोंड ठेवून मान हलवली. “निम्म तप्पल्ला, अम्मा.” चूक तुमची नाही. ती पुण्याला परत गेली.

मला वाटलं होतं, प्रकरण तिथे संपलं.

त्यानंतर आठ-दहा महिन्यांनी एका वेगळ्याच गुन्ह्यातली परेड घ्यायला मी जेलमध्ये गेले. होसकोटेकडच्या एका विधवा बाईवर तसाच प्रसंग आला होता. जेलरने सांगितलं, संशयित दूध पोचवणारा चालक आहे. मी अंगणात पाऊल टाकलं. माणसं रांगेत उभी राहत होती. चौथ्या माणसाकडे माझं लक्ष गेलं आणि माझ्या तोंडून नाव बाहेर पडता पडता राहिलं. बसवराज, तू इथे काय करतोस?

तो बसवराज नव्हता. तेच गाल, तीच हनुवटी, उभं राहताना एका पायावर भार टाकायची तीच सवय. सख्ख्या भावांतसुद्धा एवढं साम्य नसतं. मी तिथेच थबकले. एका पंचाने विचारलं, “मॅडम, पाणी आणू?” मी परेड पार पाडली. त्या बाईने सरळ जाऊन चौथ्या माणसाला हात लावला. मी लिहिलं, सह्या घेतल्या आणि जीपमध्ये येऊन बसले. अनघा चुकली नव्हती. तिच्या मनातला चेहरा खरा होता. मी तिच्यासमोर तो चेहराच उभा केला नव्हता, त्याच्या सर्वांत जवळचा उभा केला होता. निरपराध माणसाचा.

मी पोलिस आयुक्तांना पत्र लिहिलं. पत्रात होतं काय? माझ्या ड्रायव्हरसारखा दिसतो, एवढंच. कायद्याने त्याला काही किंमत नाही. पण नवे इन्स्पेक्टर तरुण होते, त्यांनी ते गंभीरपणे घेतलं. त्या माणसाची दुधाची व्हॅन पांढरी होती आणि तीन वर्षांपूर्वी तो मारतहळ्ळीच्याच रस्त्याने जात असे. अनघाला पुण्याहून बोलावलं. परेड दुसऱ्या तहसीलदारांनी घेतली, मी घेणं बरोबर नव्हतं. मी जेलच्या फाटकाशी तिच्या वडिलांसोबत थांबले.

आत जाण्यापूर्वी ती माझ्याजवळ आली. “मॅडम, तोच आहे का हो?”

त्या वेळी माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगायला मला आजही लाज वाटते. एक शब्द पुरला असता. ‘बसवराजला आठव’ एवढं म्हटलं असतं तरी काम झालं असतं. आणि मला खात्री होती. मंजुनाथच्या वेळी होती तशीच खात्री. मी म्हटलं, “मला काही सांगता येणार नाही, बाळ. तू बघ आणि जे वाटेल ते सांग.”

वीस मिनिटांनी ती बाहेर आली. चेहरा कोरडा.

“ओळखलंस?” वडिलांनी विचारलं.

“एक जण तसा वाटला. साहेबांना तसंच सांगितलं. तसा वाटतो, पण खात्री नाही.”

“खात्री नाही म्हणजे?” ते फाटकाशी ओरडलेच. “अगं, तोच होता! इन्स्पेक्टर म्हणतायत, व्हॅन जुळते, रस्ता जुळतो, सगळं जुळतंय! एक शब्द बोलायचा होता तुला. तीन वर्षं आपण काय भोगतोय आणि तू सांगतेस, खात्री नाही?”

“बाबा, सगळं मंजुनाथचंही जुळत होतं.”

“हा तोच आहे!”

“असेल. तोच असेल. पण आता मला कुणाचाही चेहरा दाखवला तरी त्यात तो दिसतो. त्यातला खरा कुठला ते मला नाही सांगता येत. आणि नाही येत तर मी कशी सांगू?”

वडील फाटकाच्या कट्ट्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली. अन्यायाने वागायचा हक्क कुणाला असेल, तर तो तिला एकटीला होता. आणि इन्स्पेक्टर, पेपरवाले, मोर्चेवाले, मी, आम्हा सगळ्यांना जे जमलं नव्हतं ते तिने एकटीने करून दाखवलं होतं.

त्या माणसाला होसकोटेच्या प्रकरणात दहा वर्षांची शिक्षा झाली. तिथे कपड्यांचा, रक्ताचा पुरावा होता. अनघाच्या प्रकरणात त्याच्यावर काहीच सिद्ध झालं नाही, आणि तिची फाइल ‘गुन्हेगार मिळाला नाही’ असा शेरा मारून बंद झाली. तो शेरा खोटा आहे, असं मला वाटतं. पण माझ्या वाटण्यावर कुणाला शिक्षा होत नाही, आणि होऊ नये.